नवा टीव्ही घेताना

सणासुदीच्या जाहिराती सुरू झाल्या की घरोघरी नव्या टीव्हीची टूम निघतेच. आमच्याकडेही निघाली. चिरंजीवांना 55 इंची हवा, 'ह्यां'ना बोललेलं ऐकणारा हवा, आणि सासूबाईंना फक्त त्यांची मालिका वेळेवर लागायला हवी! पैसे मात्र माझ्या शाळेतल्या अर्धवेळ नोकरीचे. म्हटलं, निवडही मीच करीन.

दुकानात आपण आधी लेबलावरचे तारे मोजतो. पण हे तारे पडद्याच्या आकारमानाप्रमाणे दिलेले असतात. त्यामुळे पाच तारांचा मोठा संच तीन तारांच्या लहान संचापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तेव्हा वर्षाला किती युनिट लागतात, हा त्याच लेबलावर छापलेला आकडा वाचा.

हिशेब सोपा आहे. एक संच 60 वॅटचा, दुसरा 120 वॅटचा समजा. रोज पाच तास चालला तर वर्षाला पहिल्याला 110 युनिट, दुसऱ्याला 219. युनिटला 8 रुपये धरले, तर फरक वर्षाला पावणेनऊशे रुपयांचा! संच दहा वर्षं टिकला तर किती, ते तुम्हीच मांडा.

आता 'स्मार्ट'पणा. संचातली ॲप्स काही वर्षांनी जुनी होतात, मेमरी कमी असेल तर अडखळतात. पण तेव्हा एचडीएमआयच्या खाचेत छोटी स्टिक लावली की काम भागतं. म्हणजे हुशारी मागाहून विकत आणता येते; मोठ्या पडद्याची भूक मात्र कमी करून मिळत नाही. म्हणून पैसे आधी चांगल्या पडद्यावर आणि आवाजावर घाला.

घरी आणल्यावरही दोन गोष्टी करा. दुकानातला भडक 'व्हिव्हिड' प्रकार बदलून 'स्टँडर्ड' किंवा 'इको' लावा. डोळ्यांनाही बरं वाटतं. आणि रात्री रिमोटवर न थांबता भिंतीवरचं बटण बंद करा, सेट-टॉप बॉक्ससकट.

आम्ही अखेर 43 इंची घेतला. चिरंजीव दोन दिवस फुरंगटले होते. तिसऱ्या दिवशी क्रिकेटचा सामना लागला आणि पडदा लहान असल्याचं विसरूनही गेले! सासूबाईंची मालिका वेळेवर लागते आहे. आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं, ते मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.