लाल पाणी आणि मुनग्याची बी



आमच्या आळीतल्या बोरिंगचे पाणी निघते तेव्हा काचेसारखे असते. गुंडात भरून ठेवले की संध्याकाळपर्यंत तांबूस होते आणि तळाला गाळ बसतो. भात पिवळा, चहा काळा, शाळेचा पांढरा शर्टही पिवळा! म्हणून पुष्कळ बाया हे पाणी सोडून उघड्या विहिरीचे पाणी आणतात. माझी आईसुद्धा. मला वाटते, इथेच आपली चूक होते.

पाणी लाल का होते? आपल्या भागातल्या दगडात लोखंड आहे. आपल्या वनविभागातल्या लोहारडोंगरीला तर लोखंडाचा दगडच आहे. जमिनीखाली हवा नसते, म्हणून लोखंड पाण्यात विरघळून राहते व दिसत नाही. वर आले की हवा लागते आणि त्याचा गंज होतो. तोच हा लाल गाळ.

सरांनी वर्गात एक गंमत दाखवली. दोन ग्लासांत हिरड्याची पूड टाकली. विहिरीचे पाणी नुसते पिवळसर झाले, बोरिंगचे थोड्या वेळात काळे पडले. हिरड्यातला तुरट रस लोखंडाला धरतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस मिळून शाई करत, ती याचमुळे. चहा काळा होतो त्याचेही कारण हेच.

माझी आजी म्हणते, "पोरी, मुनग्याची बी कुटून टाक, पानी निवळते." आजीचे खरे आहे. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या बीमध्ये असा पदार्थ असतो की तो गढूळ कणांना एकमेकांना चिकटवतो. कण जड होतात व तळाला बसतात. निवळीच्या बीचेही तसेच. आसामात लोक केळीच्या राखेने लोखंड काढतात. राख खारी असते, त्यामुळे लोखंडाचा गंज लवकर होतो आणि मग तो गाळता येतो.

आपल्याकडे धानाचे तूस तर ढिगाने आहे. राईस मिलच्या मागे जाऊन पाहा! पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात तुसाच्या राखेपासून 'सुजल' नावाचे गाळणे तयार झाले. पुढे २००९ साली राखेवर चांदीचे बारीक कण बसवून 'टाटा स्वच्छ' निघाले. पण चांदी होती ती जंतूंसाठी, लोखंडासाठी नव्हे. तूस, भुसा, साली हे सिसे व कॅडमियमसारखे धातू धरून ठेवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र भरलेले तूस आणखी धरत नाही. आणि धातू भरलेले तूस टाकायचे कुठे? वावरात टाकले तर धातू पुन्हा मातीत!

म्हणून माझे मत असे. झाडपाला आपला मित्र आहे, पण वैद्य नाही. बी टाकून पाणी निवळले म्हणजे जंतू मेले असे नाही. बीचे पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवले तर वासही येतो. ते गाळून, उकळून त्याच दिवशी संपवावे. फ्लोराइड तर डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांच्या पाण्यात ते आहे. त्याला ना हिरडा ओळखतो, ना मुनगा काढतो. त्याला तपासणीच पाहिजे.

लाल पाणी वाईट दिसते, म्हणून आपण त्याला भितो. विहिरीचे पाणी छान दिसते, पण पावसाळ्यात हगवण त्यातूनच येते. दिसण्यावर जाऊ नये.

शाळेत आपण एक काम करू या. तीन माठ एकावर एक ठेवू. वरच्या माठात पाणी उंचावरून ओतू, म्हणजे हवा लागेल. मधल्यात धुतलेली वाळू आणि कोळसा. खालच्या माठात गाळलेले पाणी. वाळू दर आठवड्याला मुलांनी धुवावी, फक्त मुलींनी नाही! आणि पालकांनी ग्रामसभेत उठून विचारावे, "आमच्या बोरिंगचे पाणी तपासले का? कागद दाखवा."

माठ आम्ही भरतो. कागद तुम्ही मागा. मग माझ्या आईला विहिरीवर जावे लागणार नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी