ढाक एक, कान वेगळे

दुर्गापूजा जवळ आली की कोलकात्यात ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी एकच खल चालतो: मंडपात कधी न्यायचं, न्यायचं की नाही? 2021मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेला हा उत्सव म्हणजे ढाक या मोठ्या ढोलाचा दणदणाट, धुनुची या धूपपात्राचा धूर, डोळे दिपवणारी रोषणाई आणि रेटारेटी. एखादा मुलगा कानांवर हात दाबून खाली बसकण मारतो. दुसरा ढाक वाजवणाऱ्या ढाकीला खेटून उभा राहतो, तिथून हलतच नाही. तिसरीला आवाजाचं काही नसतं. नव्या फ्रॉकची शिवण टोचते म्हणून ती रडून गोंधळ घालते. तिघांचंही निदान एकच!

सिनेमांनी आपल्याला ऑटिझमची मोजकीच रूपं दाखवली. ‘माय नेम इज खान’मधला (2010) हुशार रिझवान, नाहीतर दार्जिलिंग-कोलकात्यात घडणाऱ्या ‘बर्फी!’मधली (2012) निरागस झिलमिल. मग नातेवाईक विचारतात, ‘याचं गणित पक्कं असेल ना?’ आणि चुरुचुरु बोलणारी मुलगी दिसली की, ‘हिला कुठे काय झालंय!’ ती शाळेत दिवसभर कशीबशी निभावते आणि घरी येऊन कोसळते, हे फक्त आईला ठाऊक असतं.

सरकारला मात्र आकडा लागतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. त्याच वर्षी प्रमाणपत्रासाठी केंद्राने ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी अधिसूचित केली: 40 बाबी, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. त्यावरून टक्केवारी ठरते. ती 40 टक्क्यांच्या आत राहिली तर नोकरीतलं आरक्षण नाही. सवलतींसाठी मोजमाप हवंच. पण शब्दही न बोलणारा तरुण टॅबवर एकेक अक्षर टिपत मुद्देसूद उत्तर देतो आणि फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याला एकट्याने बस बदलणं जमत नाही. ‘सौम्य’, ‘तीव्र’ या शिक्क्यांवरून यातलं काय कळणार?

असाच गोंगाट गणेशोत्सवातही असतो. म्हणून आपल्याकडच्या गणेश मंडळांनी दुपारचा एक तास स्पीकर बंद आणि दिवे मंद ठेवावेत, तशी पाटी लावावी. मात्र ‘यांची वेळ ही’ म्हणून बाकी वेळी कुणाला परतवू नये. ज्याला ढोलापाशीच उभं राहायचंय, त्याला संध्याकाळीही जागा द्यावी. काय हवं, काय नको, हे आधी त्यालाच विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर घरच्यांना.