भिंतीवरील शहरें

विद्यापुनरुज्जीवनाच्या काळांत युरोपांतील व्हेनिस, रोम, फ्लॉरेन्स आदि नगरांचे जे नकाशे निघाले, त्यांच्या प्रतिकृति हातानें रंगवून घेऊन दिवाणखान्यांत लावण्याची हौस हल्लीं पुष्कळ ठिकाणीं आढळते. कित्येक रसिकांस ती हलकी वाटते. अस्सल सोडून नकलेच्या मागें लागणें म्हणजे सोनें टाकून मुलामा पत्करणें, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. नक्कल आहे म्हणूनच ती स्तुत्य, असें आमचें मत आहे. मात्र आपण नक्कल आहों हें तिनें लपवूं नये.

यांतील कांहीं चित्रें मूळचींच भिंतीसाठीं होतीं. याकोपो दे बार्बारी यानें काढलेलें व्हेनिसचें चित्र अंतोन कोल्ब या न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यानें १५०० सालीं प्रसिद्ध केलें. सहा लांकडी ठशांवरून छापलेले सहा कागद शेजारीं शेजारीं जोडले, कीं सुमारें पावणेतीन मीटर रुंदीचें नगर डोळ्यांपुढें उभें राहतें. हें कोणत्या ग्रंथांत मावावें? सेंट मार्कच्या घंटाघरावर १४८९ सालीं वीज पडली होती, म्हणून आरंभींच्या प्रतींत त्याचें शिखर नसून तात्पुरतें चपटें छप्पर दिसतें. मनोरा पुन्हां बांधला गेल्यावर ठशांतही फेरफार झाला. शोभेसाठीं उंच शिखर रंगवून खालीं १५०० सालचा आंकडा घालणारा कारागीर रंग कितीही सुंदर देवो, तो इतिहासाशीं प्रतारणा करतो.

दुसऱ्या चित्रांची गोष्ट निराळी. गेऑर्ग ब्राउन व फ्रान्स होगेनबर्ग यांनीं कोलोन येथें १५७२ पासून १६१७ पर्यंत सहा खंडांत जगांतील पांचशेंहून अधिक नगरांचीं चित्रें निघतील असा उद्योग आरंभिला. तीं ग्रंथाचीं पानें होतीं. मागें वर्णन छापलेलें असे. आज भिंतीच्या हौसेपायीं अशा ग्रंथांची शिवण उसवून एकेक पान निराळें विकलें जातें. चारशें वर्षें टिकलेलें पुस्तक एका दुपारीं नाहींसें होतें, आणि घेणारा मात्र आपल्या घरीं अस्सल वस्तु आली म्हणून संतुष्ट असतो. २००५ सालीं येल विद्यापीठाच्या ग्रंथालयांत एक नकाशेविक्या चोरी करतांना सांपडला. पुढें त्यानें निरनिराळ्या ग्रंथालयांतून सत्त्याण्णव नकाशे लांबविल्याचें कबूल केलें. अशा अस्सलापेक्षां प्रामाणिक नक्कल शतपट बरी, हें आक्षेपकांनींच ठरवावें.

शिवाय हातानें रंग देणें हें कांहीं आजचें खूळ नव्हे. ताम्रपत्रावरून काळी रेघ छापावी व मग रंगाऱ्यानें तींत रंग भरावा, हीच जुनी रीत. थोर नकाशाकार आब्राहाम ऑर्टेलियस १५४७ सालीं अँटवर्पच्या कारागीरसंघांत नकाशे रंगविणारा म्हणूनच दाखल झाला. त्या काळचा तांब्यापासून केलेला हिरवा रंग कालांतरानें कागदालाच खाऊन टाकतो. आजच्या रंगाऱ्यानें तो दोष उसना घेण्याचें कारण नाहीं. चहाच्या पाण्यांत बुडवून किंवा कडा जाळून कागदास खोटें वार्धक्य आणणें तर आम्हांस मुळींच खपत नाहीं.

ब्राउनच्या चित्रांत पुढच्या बाजूस त्या त्या नगरीच्या वेषांतील स्त्रीपुरुष उभे असतात. मनुष्याकृति पाहून तुर्क हे नकाशे वापरणार नाहींत, असें कारण त्यानें दिलें आहे! तुर्क त्यामुळें फसले असतील असें आम्हांस वाटत नाहीं. पण तीं माणसें गाळलीं, तर शहर ओस दिसतें.

आपल्याकडील वाचकांस जवळचें पान पहिल्या खंडांत आहे. त्यांत गोवा व दीव यांच्यासह मोरोक्कोंतील आन्फा व आझेमूर हीं नगरें एकाच कागदावर काढलीं आहेत. गोवा १५१० सालीं आल्बुकर्कनें आदिलशाहीकडून जिंकला, आझेमूर १५१३ त पडलें, दीवचा किल्ला १५३५ त उभारला जाऊं लागला. कोलोनमध्यें बसून हीं चित्रें छापणाऱ्यांनीं गोवा पाहिला नव्हता. जेत्यांच्या दर्यावर्दी डोळ्यांनीं तो त्यांस दिसला. म्हणून तटबंदी ठळक आहे, आणि तटापलीकडील शेतकऱ्याचा पत्ता नाहीं.

असें पान घरीं लावूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. अवश्य लावावें, पण गोव्याचा तुकडा सुटा सुंदर दिसतो म्हणून तेवढाच रंगवून घेऊं नये. चारही नगरें राहूं द्यावींत, म्हणजे त्यांस एकत्र आणणारीं गलबतें कोणाचीं होतीं हें घरांतील मुलें विचारतील. आणि खालीं मूळ ग्रंथाचें साल व रंगाऱ्याचें नांव, दोन्हीं स्पष्ट अक्षरांत असावींत.