कोयता गावात असताना मोजणी करा

2002च्या जैविक विविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून गावकऱ्यांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही लिहायला सांगितले. वर्षानुवर्षे चालढकल झाली. अखेर ऑगस्ट 2019मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020ची मुदत घातली. ती चुकली तर राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरण्याची तंबी दिली. मग देशभर वह्यांचा ढीग लागला. त्या मुदतीचे शेवटचे महिने ऐन उसाच्या गळीत हंगामाचे होते, हे बीडमध्ये तरी कुणाच्या लक्षात यायला हवे होते. दसरा-दिवाळीनंतर इथल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ज्यांना माळ ठाऊक आहे, तेच तेव्हा गावात नसतात.

पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य 1994चे, जेमतेम 30 चौरस किलोमीटरचे. त्याबाहेरचा बालाघाटाचा माळ मात्र सरकारदरबारी पडीक. पावसाळ्यात त्याच माळावर पवन्या, मारवेल, कुसळी वाढते. कोणते गवत शेळी आधी खाते, कोणते दुष्काळातही तग धरते, हे मेंढपाळ न थांबता सांगतो. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर मातीच्याच रंगाची दोन-तीन अंडी घालतो. तिथे रोपांसाठी खड्डे खणले किंवा सौरपट्ट्या उभ्या केल्या, तर काय गेले हे कुणालाच कळत नाही, कारण तिथे काय होते हेच लिहिलेले नसते. वनक्षेत्र कमी असलेल्या जिल्ह्यात झाडे लावायलाच हवीत. पण माळ मोजून, मग जागा ठरवून. काळवीट, लांडगा, खोकड यांना सावलीपेक्षा मोकळे गवत लागते.

म्हणून या वह्या पुन्हा उघडाव्यात. पोळा ते दसरा हा काळ मोजणीचा: गवत फुलोऱ्यात आणि माणसे घरी. समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असा नियम आहे. सरपणाला, रानभाजीला रानात जातात त्या महिलाच. त्यांची नुसती सही नको, माहिती हवी. महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी सोबत द्यावेत. दिवस मोडून माहिती सांगणाऱ्याला मजुरी मिळावी. कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे, त्या निधीत पैसे टाकावेत. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एक आदेश काढावा: वृक्षलागवड असो वा ऊर्जा प्रकल्प, गावाच्या वहीतली त्या जमिनीच्या गट क्रमांकाची नोंद प्रस्तावाला जोडल्याशिवाय माळाची फाइल पुढे सरकू नये.