फारकत झाली, घटस्फोट झाला काय?



एका शब्दाच्या घोटाळ्याने आपल्या किती लेकी माहेरच्या उंबऱ्यावर अडकून पडल्या आहेत! तो शब्द ‘फारकत’. आपल्या वस्तीत फारकत म्हणजे संबंध तुटला. परंतु कोर्टाची ‘न्यायिक फारकत’ म्हणजे घटस्फोट नव्हे. तिने एकत्र नांदण्याचे बंधन सुटते. विवाह कायम राहतो. तेवढ्या हुकूमनाम्यावर दुसरे लग्न लावले तर ते रद्दबातल, शिवाय गुन्हा. मग ते त्रिसरण-पंचशील म्हणून लावलेले का असेना.

कोणी विचारील, “आम्ही बौद्ध झालो, हिंदू विवाह कायदा आमच्या गळ्यात का?” नाव खटकते, हे मलाही मान्य आहे. परंतु १९५५ च्या त्या कायद्याचे दुसरे कलम तो बौद्धांनाही लागू करते. नावावर रुसून हक्क टाकून देणे हा स्वाभिमान नव्हे. ते नुकसान आहे.

हक्क कोणता, तो ऐका. प्रारंभी हुकूमनाम्यानंतर दोन वर्षे थांबावे लागे, आणि ज्याने तो मिळविला त्यालाच घटस्फोट मागता येई. १९६४ च्या दुरुस्तीने तो हक्क उभयतांना दिला. १९७६ च्या दुरुस्तीने मुदत एका वर्षावर आणली. हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर कलम १३(१-अ) खाली दोघांपैकी कोणीही अर्ज करावा. वर्ष सरल्याने घटस्फोट आपोआप होत नाही!

पुरुषांनो, या कलमाची ढाल करू नका. पोटगीचा हुकूम धुडकावून व परस्त्रीशी संबंध चालू ठेवून घटस्फोट मागणाऱ्या एका नवऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली तो नाकारला. स्वतःच्या गैरकृत्याचा लाभ कोणासही मिळत नाही.

आईबापांनो, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तुम्ही अर्ज लांबविता. जातपंचायतीचा धाक झुगारला तो शेजाऱ्यांचा धाक पत्करण्यासाठी काय? पैशाचीही सबब नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. घटस्फोटानंतरही कलम २५ खाली पोटगी मागता येते.

उभयतांना नांदायचे असेल तर खुशाल नांदावे. ती वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. नांदायचे नसेल तर लेकीला अधांतरी ठेवू नका. हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडण्याचे एक कारण होते. त्यांनी मंत्रिपद सोडले. आपण कोर्टाची एक पायरी चढण्यास कचरावे काय?

जय भीम!