बिरवाडीची नदी आणि वेळासचे कासव

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची छोटी पट्टी आढळली. ती २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवलेली होती. म्हणजे ही मादी भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून कोकणात आली होती. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, या समजुतीला तिने धक्का दिला. बिरवाडीच्या बाजारपेठेत चहा घेताना मी ही बातमी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "चांगलंच आहे हो. पण आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे कुठं आहे समुद्र?"

प्रश्न वरवर रास्त आहे. बिरवाडी सह्याद्रीच्या पायथ्याची; इथून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. पण गावाजवळून काळ नदी वाहते, ती सावित्रीला मिळते, महाडच्या खाली सावित्रीची खाडी होते आणि ती खाडी एका बाजूला हरिहरेश्वर व दुसऱ्या बाजूला बाणकोट ठेवून समुद्रात शिरते. एके काळी बाणकोटची गलबते भरतीच्या जोरावर महाडपर्यंत माल आणत. समुद्र असा आपल्या दारापर्यंत येत होता. आणि आपल्याकडचे समुद्रात काय जाते, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीनंतर सांगायला नको. सावित्रीवरचा जुना पूल कोसळला, दोन एसटी गाड्या माणसांसह वाहून गेल्या, आणि काही मृतदेह खाडीतून थेट समुद्रकिनाऱ्यावर जाऊन लागले. नदीने त्या दिवशी आपल्याला भूगोल शिकवला. फार मोठी किंमत घेऊन शिकवला.

बाणकोटच्या शेजारीच वेळास आहे, नाना फडणविसांचे गाव. तिथे २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. त्याआधी कोल्हे, कुत्री आणि माणसे यांच्या तावडीतून घरटी क्वचितच सुटत. गावातलीच माणसे मग रात्री-पहाटे किनाऱ्यावर फिरू लागली; घरटे सापडले की अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यात ठेवू लागली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, आणि कासव हा गावाच्या उत्पन्नाचा भाग झाला. अंडी खाल्ल्याने जे मिळत नव्हते, ते अंडी जपल्याने मिळाले. आपल्याकडच्या निसर्गरक्षणाच्या गोष्टींत इतकी सरळ गोष्ट दुर्मीळ आहे.

एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वाळू सारत वर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्याच अधिक. त्यामुळे वाढत्या उन्हाळ्याची काळजी कासवांनाही आहे. मोठी झालेली मादी बहुधा आपण जन्मलो त्याच परिसरात अंडी घालायला परतते. पण मोठे होणारे पिल्लू हजारात एखादेच, असे मानतात. कुंपण त्याला वाळूपुरते वाचवते. पुढचे सारे आयुष्य पाण्यात काढायचे असते, आणि त्या पाण्याला कुंपण घालता येत नाही.

याच जातकुळीतले सर्वांत मोठे कासव म्हणजे लेदरबॅक. त्याच्या पाठीवर टणक ढाल नसते, चामड्यासारखी कातडी असते. वजन तीनशे-चारशे किलोच्या पुढे सहज जाते. १९८८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्याला लागलेला एक नर नऊशे किलोंहून जड होता. एवढा मोठा प्राणी जगतो कशावर, तर मुख्यतः जेलीफिशवर. त्याच्या अन्ननलिकेत आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. त्यामुळे निसरडे भक्ष्य सुटत नाही. आणि त्यामुळेच चुकून गिळलेली प्लॅस्टिकची पिशवी बाहेर टाकणेही अवघड होते. पाण्यात तरंगणारी पिशवी आणि जेलीफिश यांतला फरक त्याला कळत नाही. भारतात ते मुख्यतः अंदमान-निकोबारमध्ये अंडी घालते. तिथल्या ग्रेट निकोबारमधील गलाथिया उपसागराचे अभयारण्य २०२१ मध्ये रद्द झाले आणि त्याच जागी बंदर उभारणाऱ्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. तिथे किनाराच पणाला लागला आहे. आपल्याकडे किनारा सांभाळला गेला. पणाला लागले आहे ते पाणी. आपले ऑलिव्ह रिडलेही जेलीफिश खाते आणि तशीच फसगत करून घेते.

आता गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. जुलै २०२१ च्या महापुरानंतर काळ नदीच्या काठाने मी फिरलो, तेव्हा पाणी कुठवर चढले होते हे विचारावे लागले नाही. झाडांच्या फांद्यांना लोंबणाऱ्या पिशव्यांनी ती रेघ आखून ठेवली होती. त्या फक्त अडकलेल्या. न अडकलेल्या कुठे गेल्या असतील?

सांडपाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. औद्योगिक वसाहतीने या मुलखातल्या अनेक घरांची चूल पेटवली. माझ्या भावकीतली मुलेही तिथेच कामाला आहेत. कारखाने नकोत असे म्हणणाऱ्याने आधी त्या मुलांची मुंबईची तिकिटे काढून द्यावीत. सांडपाण्यावर सामायिक केंद्रात प्रक्रिया होऊन ते खाडीत सोडले जाते, अशी व्यवस्था आहे. तरी मासळी घटल्याची तक्रार खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यांच्या जाळ्याचा हिशेब आणि आपल्या पगाराचा हिशेब एकाच वहीत लिहिला पाहिजे. तो दोन वेगळ्या वह्यांत राहिला म्हणूनच हा प्रश्न कुजला.

मोठ्या गोष्टी मागण्यात अर्थ नाही. नदीच्या आणि खाडीच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला, साध्या मराठीत, काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. आणि मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, बाजारपेठेतला कचरा नदीकाठावरून उचलला जावा. कारण जूनमध्ये तो उचलायचे काम नदी करते.

वेळासची माणसे रात्री जागून त्यांच्या वाट्याचे काम करीत आली आहेत. वरच्या अंगाचे काम आपले आहे.