प्रेरणेचा दुष्काळ मुलींत नाही

महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'मुली मार्क मिळवतात, पण कौशल्य कमावण्याची प्रेरणाच त्यांच्यात नसते.' शेगाव परिसरात मुलींच्या गटांबरोबर काम करताना मला या वाक्याची चीड येऊ लागली आहे.

शेगावात 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झालं. 2024 मध्ये शासनाने आर्थिक दुर्बल व मागास घटकांतल्या, वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क पूर्ण माफ केलं. त्याचं स्वागतच आहे. पण शुल्क माफ झालं, घरकाम माफ झालं नाही.

हात बसायला तासिकेनंतरचा वेळ लागतो. मुलगा संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबला तर मेहनती, मुलगी थांबली तर 'इतका वेळ कुठे होतीस?' आमच्या गटातली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता संगणकावर सराव करते, कारण पुढे गाडी गाठायची असते. हिला प्रेरणा नाही म्हणायचं? बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत, पदवीला तो बंद. 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण गावाची शेवटची गाडीच चुकली तर ते काय कामाचं?

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाची आतली प्रेरणा तीन गोष्टींवर जगते: आपला निर्णय आपण घेणं, आपल्याला जमतंय हे कळणं, आपली माणसं सोबत असणं. यातली पहिलीच गोष्ट आपण मुलीकडून काढून घेतो आणि मग प्रेरणेवर व्याख्यान ठेवतो! पदवी फक्त स्थळ बघताना दाखवायची असेल, तर कागद पुरतो. कौशल्य कशाला?

कोणी म्हणेल, जिद्द असली की वाट सापडते. सापडते, एखादीला. बाकीच्यांनी काय करायचं?

म्हणून व्याख्यानं पुरेत. मुलींना परवडणारं वसतिगृह हवं, प्रयोगशाळा सुटण्याच्या वेळेला एस.टी. हवी, बाहेरगावच्या इंटर्नशिपला विद्यावेतन हवं. आणि घरात भावाच्या हाती झाडू हवा. आपापल्या गावच्या आगारात आणि महाविद्यालयात ही मागणी लेखी देऊया. प्रेरणा मुली स्वतःच आणतील.